पित्ताम्लांचे मापन आणि कृष्णाकाठची हळद : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कृष्णा नदीच्या खोऱ्यातील सातारा व सांगली हे दोन जिल्हे हळदीचे जिल्हे म्हणून परिचित आहेत. सातारा जिल्ह्यातील वाई परिसरात हळदीची लागवड परंपरेने होत आली आहे, तर सांगलीची बाजारपेठ हळदीच्या व्यापारासाठी देशभर ओळखली जाते. कृष्णा व वारणा या नद्यांच्या संगमावरील हरिपूर येथे हळद साठविण्यासाठी जमिनीत खोदलेली पेवे हे या व्यापाराचे वैशिष्ट्य होते. २००५ च्या महापुरात या पेवांची मोठी हानी झाली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

हळद हे पीक, मसाला, रंग व औषध आहे. औषध म्हणून तिचा संबंध फार पूर्वीपासून यकृत आणि पित्त यांच्याशी जोडला गेला. मात्र हळद पित्तावर नेमके काय करते, हे सांगण्यासाठी पित्तातील घटकांचे मापन करावे लागते, आणि हे मापन करण्याची साधने मागील पावणेदोनशे वर्षांत टप्प्याटप्प्याने विकसित झाली आहेत. हळदीचा इतिहास व पित्ताम्लांच्या मापनाचा इतिहास सामान्यतः स्वतंत्रपणे मांडले जातात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय प्रयोगशाळांमध्ये हे दोन्ही इतिहास एकत्र आले. त्या प्रवासाचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. 'पित्त' या संज्ञेचे पारंपरिक व जीवरासायनिक अर्थ स्पष्ट करणे.
२. पित्ताम्लांच्या मापनपद्धतींच्या विकासाचे टप्पे पाहणे.
३. हळदीच्या पित्तावरील परिणामासंबंधी भारतात झालेल्या संशोधनाचे महत्त्व तपासणे.
४. या इतिहासाचा सातारा-सांगली परिसराच्या दृष्टीने अर्थ लावणे.

'पित्त' : एक शब्द, अनेक अर्थ

मराठी भाषेत पित्त हा शब्द किमान चार अर्थांनी वापरला जातो. आयुर्वेदात पित्त हा त्रिदोषांपैकी एक दोष असून पचन, उष्णता व वर्ण यांच्याशी त्याचा संबंध आहे. बोलीभाषेत 'पित्त झाले' असे म्हणताना छातीतील जळजळ व आंबट ढेकर अभिप्रेत असतात. हा विकार प्रत्यक्षात जठरातील आम्लाचा आहे. 'अंगावर पित्त उठले' या प्रयोगात त्वचेवरील गांधी सूचित होतात. चौथा अर्थ यकृतात तयार होणाऱ्या पिवळसर हिरव्या, कडू द्रवाचा, म्हणजेच पित्तरसाचा आहे. प्रस्तुत लेखात हा चौथा अर्थच गृहीत धरला आहे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. चरकसंहितेत हरिद्रेचा समावेश लेखनीय व कुष्ठघ्न या औषधी गणांत केलेला आढळतो. कामलेच्या, म्हणजे काविळीच्या, रुग्णाचे डोळे, त्वचा व नखे हळदीच्या रंगाची होतात, असे वर्णनही तेथे आहे. पुण्याचे डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांनी १८९१ साली 'सार्थ वाग्भट' प्रसिद्ध करून आयुर्वेदातील हे ज्ञान मराठी वाचकांपर्यंत पोहोचविले. परंतु ग्रंथोक्त पित्त हा दोष आणि प्रयोगशाळेतील पित्तरस हा द्रव यांना एकच मानून केलेली विधाने ना आयुर्वेदाच्या निकषांवर टिकतात, ना जीवरसायनशास्त्राच्या. हळद 'पित्तावर चांगली' या विधानाची तपासणी करण्यापूर्वी कोणते पित्त, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

पित्तरसातही दोन घटकांची गल्लत वारंवार होते. बिलिरुबिन हे पित्तरंजक द्रव्य आहे. ते रक्तातील तांबड्या पेशींच्या विघटनातून निर्माण होते व काविळीचा पिवळेपणा त्याच्यामुळे येतो. पित्ताम्ले मात्र यकृतात कोलेस्टेरॉलपासून तयार होतात. त्यांना रंग नसतो. आहारातील स्निग्ध पदार्थांचे पाण्यात सूक्ष्म कणांत विभाजन करून त्यांचे पचन व शोषण सुलभ करणे, हे त्यांचे प्रमुख कार्य होय. मानवी यकृतात कोलिक व कीनोडिऑक्सिकोलिक ही दोन प्राथमिक पित्ताम्ले तयार होतात व ग्लायसिन किंवा टॉरिन यांच्याशी संयोग पावून पित्तात उतरतात. आतड्यातील जिवाणू त्यांच्यापासून डिऑक्सिकोलिक व लिथोकोलिक ही दुय्यम आम्ले बनवितात. आतड्यात आलेल्या पित्ताम्लांपैकी सुमारे ९५ टक्के पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. दररोज साधारण अर्धा ग्रॅम एवढीच पित्ताम्ले मलावाटे बाहेर जातात आणि तेवढीच यकृत नव्याने तयार करते. शरीराला कोलेस्टेरॉलचा निचरा करण्याचा हा एक मुख्य मार्ग आहे. म्हणूनच मलातील पित्ताम्लांचे मापन हे कोलेस्टेरॉलच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन ठरले.

मापनाचा आरंभ : रंग आणि गंधकाची भुकटी

पित्ताच्या रासायनिक अभ्यासाचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत घातला गेला. टीडेमान व ग्मेलिन यांनी १८२७ च्या सुमारास बैलाच्या पित्तातून टॉरिन वेगळे केले. १८४४ साली माक्स फॉन पेटेनकोफर यांनी साखर व संहत गंधकाम्ल यांच्या साहाय्याने पित्ताम्लांची रंगपरीक्षा शोधून काढली. पित्ताम्ले असल्यास मिश्रणास जांभळट लाल रंग येतो. पुढे स्कॉटलंडमधील मॅथ्यू हे यांच्या नावाने प्रसिद्ध झालेली परीक्षा याहूनही सोपी होती. लघवीच्या नमुन्यावर गंधकाची बारीक भुकटी टाकली असता ती सामान्यतः पृष्ठभागावर तरंगते. पित्तलवण असल्यास द्रवाचा पृष्ठताण कमी होऊन भुकटी तळाशी बसते. या परीक्षेस परीक्षानळी व चिमूटभर गंधक यांपलीकडे काहीही लागत नाही.

सांगली परिसरात आधुनिक वैद्यकाचा पाया याच काळात घातला गेला. डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस १८८९ साली भारतात आले व तत्कालीन मिरज संस्थानात १८९४ साली त्यांनी रुग्णालय उभारले. स्वातंत्र्यानंतर १९६२ साली मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९८४ साली कराड येथे कृष्णा इन्स्टिट्यूटची स्थापना झाली आणि साताऱ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाले. भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या जीवरसायनशास्त्र विभागांत पेटेनकोफर व हे यांच्या परीक्षा विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांचा भाग राहिल्या आहेत.

या परीक्षांचे मोल कमी लेखता येणार नाही. तांबड्या पेशी फुटल्यामुळे झालेल्या काविळीत लघवीत पित्तलवण उतरत नाहीत, तर पित्तनलिकेत अडथळा आल्यास उतरतात. त्यामुळे चिमूटभर गंधकाच्या आधारे काविळीचे कारण ओळखण्यास मदत होत असे. तथापि या परीक्षा पित्ताम्ले आहेत की नाहीत एवढेच सांगतात. किती आहेत व कोणती आहेत, हे त्यांतून कळत नाही.

रचनेचा शोध : पारितोषिकानंतरची दुरुस्ती

प्रमाण मोजण्यासाठी प्रथम रेणूची रचना माहीत असावी लागते. हाइनरिक वीलांड यांना पित्ताम्लांच्या रचनेवरील संशोधनासाठी १९२७ चे, तर त्यांचे समकालीन आडॉल्फ विंडाउस यांना स्टेरॉलवरील कार्यासाठी १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र त्या वेळी मान्य झालेली कड्यांची मांडणी सदोष होती. जे. डी. बर्नाल यांच्या क्ष-किरण अभ्यासातून शंका उपस्थित झाली आणि १९३२ साली रोझेनहाइम व किंग यांनी, तसेच स्वतः वीलांड यांनीही, सुधारित रचना मांडली. सर्वोच्च सन्मान मिळालेल्या निष्कर्षाचीही पुन्हा तपासणी झाली, ही घटना विज्ञानाच्या इतिहासात उल्लेखनीय आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास स्वीडनमध्ये सुने बर्गस्ट्रॉम, यान शोवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे वर्णलेखन तंत्राचा, उपयोग करून निरनिराळी पित्ताम्ले एकमेकांपासून अलग केली. १९६० साली व्हॅन्डेनह्यूवेल, स्वीली व हॉर्निंग यांनी वायू-वर्णलेखनाने पित्ताम्ले वेगळी करता येतात हे दाखविले. याच दशकात जिवाणूंपासून मिळविलेल्या विकराचा वापर सुरू झाला. हे विकर पित्ताम्लावर क्रिया करताना एका सहविकराचे रूप बदलते व तो बदल प्रकाशमापकावर ३४० नॅनोमीटर तरंगलांबीस मोजता येतो. आजच्या स्वयंचलित यंत्रांवरील 'एकूण पित्ताम्ल' चाचणी याच तत्त्वाचा सुधारित आविष्कार आहे. १९७३ साली सिमंड्स, हॉफमन व सहकाऱ्यांनी किरणोत्सारी प्रतिपिंड पद्धतीने रक्तातील संयुक्त कोलिक आम्ल मोजले.

भारतीय प्रयोगशाळांतील हळद

हळदीचा रंगघटक कुरकुमिन फ्रान्समध्ये फोगेल व पेलतिए यांनी १८१५ साली वेगळा केला. त्याची रचना १९१० साली मिवोबेंद्झका, कोस्तानेत्स्की व लांपे यांनी निश्चित केली. कुरकुमिन व पित्त यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास मात्र भारतात झाला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रामप्रसाद व सिरसी यांनी १९५६-५७ मध्ये हळदीच्या पित्तस्रावावरील परिणामासंबंधी निबंध प्रसिद्ध केले. भूल दिलेल्या कुत्र्यांना कुरकुमिनचे सोडियम लवण दिल्यावर पित्ताचा स्राव वाढतो व त्यासोबत पित्तलवणांचे उत्सर्जनही वाढते, असे त्यांना आढळले. येथे परंपरेतील एका धारणेचे मोजता येईल अशा प्रश्नात रूपांतर झाले.

पुढील टप्पा म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत गाठला गेला. १९७० साली सुब्बा राव, चंद्रशेखर, सत्यनारायण व श्रीनिवासन यांनी कोलेस्टेरॉलयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांना कुरकुमिन दिले. रक्तातील व यकृतातील कोलेस्टेरॉल घटले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी मलातील पित्ताम्ले व कोलेस्टेरॉल मोजले आणि दोहोंचे उत्सर्जन वाढल्याचे दाखविले. कोलेस्टेरॉल घटले एवढेच सांगून भागले असते. परंतु ते गेले कोठे, या प्रश्नाचे उत्तर पित्ताम्लांच्या मापनाशिवाय देता आले नसते. १९९२ साली याच संस्थेतील हुसेन व चंद्रशेखर यांनी पित्तखडे निर्माण करणाऱ्या आहारावरील लहान उंदरांचा अभ्यास केला. दहा आठवड्यांनंतर केवळ त्या आहारावरील सर्व उंदरांमध्ये खडे आढळले. आहारात ०.५ टक्के कुरकुमिन मिसळलेल्या गटात हे प्रमाण २६ टक्क्यांवर आले.

मानवावरील पुरावा यानंतर मिळाला व तो मर्यादित आहे. इंडोनेशियातील रशीद व लेलो यांनी १९९९ साली १२ निरोगी व्यक्तींना २० मिलिग्रॅम कुरकुमिन देऊन अल्ट्रासोनोग्राफीने पित्ताशयाचे आकारमान मोजले. दोन तासांत ते सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाले. कुरकुमिन शरीरात फारच अल्प प्रमाणात शोषले जाते, ही अडचणही याच काळात स्पष्ट झाली. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली मिऱ्यातील पिपेरीनमुळे हे शोषण अनेक पटींनी वाढते, असे दाखविले. पुढे याच तत्त्वावर तीव्र मात्रेच्या गोळ्या बाजारात आल्या आणि गेल्या काही वर्षांत अशा गोळ्यांमुळे यकृतास इजा झाल्याच्या घटना इटली व अमेरिका येथे नोंदविल्या गेल्या. स्वयंपाकातील चिमूटभर हळद आणि शोषण वाढविलेली गोळी यांना एकाच मापाने मोजता येत नाही. तसेच पित्ताशय आकुंचन पावणे हा परिणाम पित्तनलिकेत खडा अडकलेल्या रुग्णास अपायकारक ठरू शकतो.

लिखित पुराव्याचे महत्त्व

१९९५ साली अमेरिकेत जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास पेटंट देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले व १९९७ साली ते रद्द झाले. हा ज्ञानाधिकाराचा विजय म्हणून सर्वपरिचित आहे. तथापि त्यातील एक मुद्दा इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. घरोघरी जखमेवर हळद दाबली जाते, ही सार्वत्रिक वहिवाट त्या कार्यवाहीत पुरेशी ठरली नाही. प्राचीन ग्रंथ व १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला निबंध यांसारखे लिखित पुरावे सादर करावे लागले. त्या दृष्टीने बंगळुरू व म्हैसूर येथील मापने ही केवळ शास्त्रीय नोंद राहत नाही. ती सामूहिक ज्ञानाचा दस्तऐवजही ठरते.

याच संदर्भात एक समांतर उदाहरण उद्बोधक आहे. पूर्व आशियात अस्वलाचे पित्त शतकानुशतके औषध म्हणून वापरले जात होते. जपानी संशोधकांनी १९२७ साली त्यातून अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल स्फटिकरूपात मिळविले व १९३६ साली त्याची रचना ठरविली. आज हे आम्ल कृत्रिमरीत्या तयार होते व यकृताच्या काही विकारांत जगभर वापरले जाते. परंपरेतील द्रव्यापासून मोजता येणाऱ्या रेणूपर्यंतचा हा मार्ग पूर्ण झाला. हळदीच्या बाबतीत तो अद्याप अपूर्ण आहे.

मापनाचे नवे पर्व व प्रत्यक्ष गरज

१९९९ साली तीन स्वतंत्र संशोधक गटांनी पित्ताम्ले पेशीतील एका केंद्रकीय ग्राहकास उद्दीपित करतात असे दाखविले. त्यामुळे पित्ताम्ले ही केवळ पचनाची साधने नसून शरीरातील संदेशवाहकही आहेत, ही दृष्टी रूढ झाली. प्रत्येक पित्ताम्लाचा परिणाम निराळा असल्याने एकूण बेरजेवर समाधान मानणे अशक्य झाले व द्रव-वर्णलेखन आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांच्या जोडतंत्राचा प्रसार झाला. कीनोडिऑक्सिकोलिक व अर्सोडिऑक्सिकोलिक या आम्लांचे वस्तुमान अगदी सारखे असते. त्यांच्यात फरक आहे तो एका हायड्रॉक्सिल गटाच्या दिशेचा. म्हणून वजनावरून ओळखण्यापूर्वी वर्णलेखनाने ती अलग करावीच लागतात. शिवाय जेवणानंतर रक्तातील पित्ताम्ले वाढत असल्याने नमुना उपाशीपोटी घेतला की जेवणानंतर, याची नोंद नसेल तर महागड्या यंत्राचे अंकही दिशाभूल करू शकतात.

या मापनाची निकड सर्वाधिक जाणवते ती गरोदरपणात. गर्भावस्थेच्या उत्तरार्धात काही स्त्रियांना पुरळ नसताना तळहात व तळपायांना तीव्र खाज सुटते. यकृतातील पित्तप्रवाह मंदावून रक्तात पित्ताम्ले साठणे हे त्याचे एक कारण असते. अशा वेळी डोळे पिवळे दिसतीलच असे नाही व बिलिरुबिनही बऱ्याचदा सामान्य असते. उपाशीपोटी रक्तातील पित्ताम्ले सामान्यतः १० मायक्रोमोल प्रति लिटरपेक्षा कमी असतात. २००४ साली स्वीडनमधील अभ्यासात ४० मायक्रोमोलच्या पुढे गर्भास धोका वाढत असल्याचे आढळले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या व्यापक विश्लेषणात १०० मायक्रोमोल किंवा अधिक पातळी असलेल्या एकल गर्भावस्थांमध्ये मृतजन्माचे प्रमाण ३.४४ टक्के, तर ४० पेक्षा कमी असताना ०.१३ टक्के दिसून आले. खाजेला उष्णता किंवा पित्त समजून हळदीचा लेप लावला जातो, तेव्हा पूर्वी वर्णिलेली शब्दांची गल्लत एका जिवाच्या धोक्याशी येऊन पोहोचते. कोणते पित्त, हा प्रश्न येथे केवळ भाषेचा राहत नाही.

सातारा-सांगलीच्या संदर्भात

या परिसरात मापनाची परंपरा नाही असे म्हणता येणार नाही. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज येथील केंद्राने हळदीच्या वाणांवर संशोधन करून 'फुले स्वरूपा' हा वाण दिला. काहिलीत शिजवून वाळविलेल्या हळकुंडांतील कुरकुमिन ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीस प्रकाशमापकावर मोजता येते. भेसळीचा मेटॅनिल यलो हा रंग हायड्रोक्लोरिक आम्लाने गुलाबी होतो, ही परीक्षा शाळकरी विद्यार्थीही करू शकतो. परंतु ही सर्व मापने शेतमालाच्या प्रतीची आहेत. तो माल शरीरात गेल्यावर काय करतो, याचे मापन बंगळुरू, म्हैसूर वा परदेशात झाले. पिकविणारा प्रदेश व मोजणारा प्रदेश असा हा भेद आहे.

हा भेद कमी होण्यास आवश्यक असलेले घटक मात्र आता एकाच खोऱ्यात उपलब्ध आहेत. कृषी संशोधन केंद्र, वैद्यकीय महाविद्यालये व विज्ञान महाविद्यालयांचे रसायनशास्त्र विभाग एकमेकांपासून फार अंतरावर नाहीत. विकरावर आधारित पित्ताम्ल चाचणीस मास स्पेक्ट्रोमीटरची गरज नसते. साधा प्रकाशमापक, शुद्ध प्रमाण द्रावणे व नमुना घेण्याची शिस्त यांवर ती उभी राहू शकते.

निष्कर्ष

१. पित्त या शब्दाचे पारंपरिक व जीवरासायनिक अर्थ वेगळे ठेवल्याशिवाय हळदीच्या गुणांची शास्त्रीय चर्चा शक्य नाही.

२. पित्ताम्लांचे मापन गुणात्मक रंगपरीक्षेपासून वैयक्तिक रेणूंच्या मापनापर्यंत विकसित झाले. प्रत्येक पद्धतीने मागील पद्धतीला न विचारता आलेला प्रश्न विचारला.

३. हळदीच्या पित्तावरील परिणामाचे मूलभूत मापन १९५६ ते १९९२ या काळात भारतीय संस्थांत झाले. त्यातील बराचसा पुरावा प्राण्यांवरील प्रयोगांचा असून तो मानवास जसाच्या तसा लागू करता येत नाही.

४. गर्भवतींमधील पित्ताम्लांचे मापन ही जिल्हा पातळीवरील आरोग्याची गरज आहे. हळदीवरील संशोधनासाठी उभारलेली चाचणीची सोय या गरजेसही उपयोगी पडू शकते. सातारा-सांगली परिसरातील महाविद्यालयांनी संयुक्त प्रकल्प हाती घेतल्यास हळदीच्या प्रदेशाला तिच्या परिणामांच्या मापनातही आपला वाटा उचलता येईल.